भागाबाईंच्या चुलीचा पत्रा

स्वयंपाकघराच्या भिंतीला कुदळ टेकवून ठेवली होती. मी उंबरा ओलांडला तेव्हा पहिली नजर तिच्यावरच गेली.

"ही इथे कशाला, मावशी?" मी विचारले.

"तुन्ही चूल फोडाले," भागाबाई म्हणाल्या. त्या ज्वारी निवडत होत्या आणि सुपावरची नजर त्यांनी काढली नाही. "धूर करस नही, ते खरं शे. पन बयतन कितलं खास, ते दखं का? आखाजीलोंग ठेवसु. मंग नही."

बयतन म्हणजे जळण, सरपण. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातला लेकीबाळींचा मोठा सण. तो तोंडावर आला होता.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही पश्चिम खानदेशात मोडत असू. मी शहादे तालुक्याच्या विकासगटात ग्रामसेविका होते. बाळंतिणीचा आहार, मुलांची स्वच्छता, परसातला भाजीपाला असे पुष्कळ विषय माझ्याकडे होते. पण गावोगावी माझी ओळख एकच होती: चूलवाली बाई. घरोघरी निर्धूर चुली बसवणे हे माझे मुख्य काम होते.

ही चूल समजायला अवघड नाही. मातीचा लांबट ओटा असतो. त्याच्या पोटातून एक बोगदा जातो आणि त्यावर ओळीने तीन तोंडे असतात. पुढच्या तोंडाखाली जाळ करायचा. तिथे भाकरी होते. जाळाची ऊब मागे सरकत दुसऱ्या तोंडावरची डाळ शिजवते, आणि जाता जाता तिसऱ्या तोंडावर आंघोळीचे पाणी तापवते. उरलेला धूर भाजलेल्या मातीच्या नळ्यांतून छपराबाहेर जातो. या धुराड्याच्या मुळाशी एक सरकता पत्रा बसवतात. आम्ही त्याला डॅम्पर म्हणत असू. चूल पेटवताना पत्रा बाहेर ओढायचा, म्हणजे धूर मोकळा निघतो. जाळ धरला की तो आत सरकवून एक फट तेवढी ठेवायची, म्हणजे ऊब चुलीच्या पोटात थांबते. सगळी बचत त्या पत्र्यात असते. सरपण निम्म्यावर येईल, असे मी घरोघरी सांगत असे.

कळसाडीच्या या घरात मात्र उलटे झाले होते. परसात कपाशीच्या पऱ्हाट्यांची गंजी होती. कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडे उपटून रचतात, तेच वर्षाचे सरपण. ती पावसाळा संपेपर्यंत पुरवायची असते, कारण पावसात वाळके काही मिळत नाही. गंजी चैत्रातच अर्ध्यावर आली होती. भागाबाईंची तक्रार खोटी नव्हती.

आणि चुलीवर केवळ सरपण अवलंबून नव्हते. त्यांच्या सुनेला, इंदूला, धुराने दम लागत असे. जुन्या चुलीपुढे बसली की तिच्या छातीतून बारीक शीळ ऐकू येई, वेळूच्या बनातून वारा निघावा तशी. शहाद्याच्या डॉक्टरांनी धुरापासून दूर ठेवा म्हणून सांगितले होते. त्यामुळेच भागाबाईंनी माझी चूल घरात येऊ दिली होती. नवी चूल आल्यापासून ती शीळ थांबली होती.

"आणि इंदूचे काय?" मी हळूच विचारले.

"ती आखाजीले माहेर जाईच," भागाबाई म्हणाल्या. "मंग तठेच राहो. बरी व्हई तवय दखू. मन्हा एकलीना हातवर इतलं घर चालस नही, बाई. धूर सोसनारं मानूस लागस घरमा."

त्या रागाने बोलत नव्हत्या, आणि तेच मला जड गेले. 'बरी होईल तेव्हा पाहू' म्हणून माहेरी ठेवलेल्या सुना मी आधीही पाहिल्या होत्या. त्यांना आणायला गाडी जात नसे. इंदू दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या एकदाच किणकिणल्या आणि थांबल्या.

शहाद्याला परतल्यावर मी बी.डी.ओ. साहेबांना सगळे सांगितले.

"चूल बसवली आहे ना?" त्यांनी विचारले.

"बसवली आहे. पण आखाजीला मोडणार आहेत."

"आपल्या तक्त्यात 'बसवली' असा रकाना आहे. 'मोडली' असा नाही."

"साहेब, ती चूल जास्त सरपण का खाते, ते मला कळले नाही. ते कळले नाही तर पुढच्या घरी मी काय सांगू?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "जा. पण जीप मिळणार नाही. ती तळोद्याला गेली आहे."

मी एस.टी.ने गेले आणि फाट्यापासून चालत गेले.

आधी पऱ्हाट्या पाहिल्या. ओले सरपण धुमसते आणि ऊब खाते. पण पऱ्हाट्या इतक्या वाळल्या होत्या की मुठीत धरल्या तर कडकड मोडत. मग भांडी पाहिली. भांडे तोंडावर नीट बसले नाही, तर कडेने ज्वाळा निघून जाते. भांडी नीट बसत होती. शिजताना भांड्यावर झाकण हवे. इंदू प्रत्येक भांड्यावर ताटली ठेवत होती, आणि डाळ आधी भिजवूनही घेत होती. मी जे जे शिकवले होते, ते ती मन लावून करत होती. तरी मागचे पाणी कोमट राही आणि पुढे पऱ्हाट्यांमागून पऱ्हाट्या जात.

"पत्रा सरकवतेस ना?" मी पुन्हा विचारले. प्रत्येक भेटीत विचारत असे.

इंदूने नेहमीसारखीच मान हलवली. शेजारी भागाबाई वाती वळत बसल्या होत्या. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आत आले की डोळ्यांपुढे नुसता तपकिरी अंधार असे, आणि त्यात धुराड्याचे मूळ भिंतीत विरघळून गेलेले दिसे.

त्या दिवशी मी मुक्काम केला. आजवर मी नेहमी चूल पेटल्यानंतरच त्या घरी पोचत आले होते. पेटण्याआधी काय होते, ते मला पाहायचे होते.

पहाटे जाग आली ती वासाने. ओली माती, शेण आणि रात्रीची थंड राख यांचा तो एकत्र वास, विहिरीत डोकावल्यावर चेहऱ्याला लागतो तसा गारवा घेऊन आला. भागाबाई चुलीपुढे बसून सारवत होत्या. हाताच्या चारी बोटांचे अर्धगोल एकात एक गुंतत ओट्यावरून पुढे सरकत होते. सारवल्याशिवाय त्या घरात चूल पेटत नसे, आणि सारवण्याचा मान सासूचा होता. हात धुराड्याच्या मुळाशी पोचला. पत्र्याचे टोक तिथे बाहेर आलेले होते, त्याभोवती फट होती. भागाबाईंनी ओल्या मातीचा गोळा घेतला, अंगठ्याने फटीत दाबला आणि वरून असा काही हात फिरवला की पत्रा, फट, धुराडे सगळे एकच गुळगुळीत अंग झाले.

"तिथे काय केलेत, मावशी?"

"तडा बुजाडा," त्या म्हणाल्या. "रोज पडस तठे. चूलले तडा ऱ्हायना, ते मन्ही सासू माले फिरीसन सारवाले लावे."

गोठ्यात इंदू शेण भरत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"पत्रा सरकतच नाही ना, इंदू?"

तिने वर पाहिले नाही. "नही."

"मग मी विचारले की मान का हलवतेस?"

"तुम्ही सासूना समोर इचारतस, बाई. मी काय सांगू? त्यासनं सारयेल मी कशी उकरू?"

एवढेच होते. पत्रा रोज उघडा राहून लिंपला जात होता. एकीने अत्यंत मनापासून सारवले होते, दुसरीने अत्यंत अदबीने ते मोडले नव्हते. दोघींच्या मध्ये गंजी जळत होती. आणि इंदूला सगळे ठाऊक होते, हे भागाबाईंना कळले, तर आखाजीचीही वाट पाहिली जाणार नव्हती.

मी गोठ्यातून परत आले तेव्हा चूल पेटली होती.

"मावशी, माझ्याबरोबर धाब्यावर येता?"

"आते? आते भाकरीनी येळ शे."

"भाकरी होईपर्यंतच."

खानदेशातली धाबी म्हणजे सपाट मातीची छपरे. उन्हाळ्यात माणसे तिथे झोपतात, बायका कुरडया वाळवतात. कोपऱ्यात आमच्या धुराड्याचे तोंड वर आलेले होते. सूर्य अजून उगवला नव्हता, तापीकडून वारा येत होता आणि पायाखालची माती गार होती. मी त्यांचा हात धरून धुराड्याच्या तोंडावर नेला. त्यांनी तो झटकन मागे घेतला.

मग म्हणाल्या, "आठे कोन आंगोय करस, बाई? देव?"

"कोणीच नाही. तुमच्या पऱ्हाट्या इथून जातात."

"आठून?" त्यांनी पुन्हा हात पुढे केला, या वेळी जपून. "मन्हं आखं बयतन?"

"बरेचसे. खाली एक पत्रा आहे. तो आत सरकवला की ऊब चुलीतच थांबते. तो जाम झाला आहे."

"कसाथून?"

"सारवणाने," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा आवळला गेला. त्या शिडी उतरल्या. मी मागोमाग उतरले. मला वाटले, आता कुदळ. त्या तिच्याजवळूनच गेल्या, कोनाड्यातले उलथणे उचलले आणि धुराड्यापाशी बसल्या. इंदू भाकरी थापायची थांबली.

"तू तुन्ही भाकर कर," भागाबाई तिला म्हणाल्या. "मन्हं सारयेल मी उकरसु."

माती अजून ओली होती, पण खालचे जुने थर दगडासारखे झाले होते. पापुद्र्यामागून पापुद्रा निघत राहिला. शेवटी पत्रा करकरला आणि आत गेला. त्याबरोबर चुलीचा आवाज बदलला. इतका वेळ जाळ घाईघाईने श्वास घेत होता. आता तो खालच्या पट्टीत आला, पसरला, निवांत झाला. थोड्या वेळाने मागच्या तोंडावरचे पाणी गाऊ लागले. कोमट राहणारे ते पाणी त्या घरात पहिल्यांदाच बोलत होते. भागाबाईंनी पुढे वाकून चुलीतली एक जळती पऱ्हाटी मागे ओढली आणि राखेत विझवून बाजूला ठेवली. मग दुसरी.

मी म्हणाले, "स्वयंपाक झाला की पत्रा पुन्हा बाहेर ओढायचा. दुपारच्या आत घरातली धग निघून जाईल. थंडीच्या दिवसांत मात्र निखारे पुरते विझले की बंद ठेवायचा, घर उबदार राहील."

"ते व्हई. पन सकायले?" त्या म्हणाल्या. "सारवाले बससु तं हात तठे जाईच. नी तेवढी जागा सोडू कशी? बिनसारयेल चूल पेटाडू?"

दोन बोटे जागा सोडा, असे मी म्हणाले, पण ते मलाच पोकळ वाटले. इतक्या वर्षांचा हात दोन बोटांसाठी थांबत नाही. आणि सारवू नका, असे सांगण्याचा मला अधिकार नव्हता. चूल माझ्या योजनेतली होती, पण घर त्यांचे होते.

भागाबाई उठल्या. देव्हाऱ्यापुढून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. पत्र्याचे टोक पदराने पुसले आणि त्यावर आधी हळदीचे, मग कुंकवाचे बोट टेकवले. फटीच्या भोवतीही कुंकवाची एक रेघ ओढली.

"कुंकू लावेल जागावर सारवानं हात फिरस नही," त्या म्हणाल्या. "आते कसा जाई, दखू."

मग करंडा ठेवता ठेवता, सुनेकडे न पाहता, त्यांनी पुढचे सांगितले. "इंदू, हाऊ पत्रा तू सरकाव. सकाय संध्याकाय. मन्हं काम नही ते. नी बाईनी इचारं का डोकं हालावू नको. तोंडवरी सांग."

इंदूने मान हलवली. भागाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

"हा," इंदू म्हणाली.

कुदळीचा उपयोग झाला, पण वेगळा. आखाजीला मांडे करायचे होते. मांडे म्हणजे हातांवर फिरवून मोठी केलेली पुरणाची पोळी. ती पालथ्या खापरावर भाजतात, आणि ते रुंद खापर आमच्या चुलीच्या तोंडावर बसत नाही. त्यासाठी भागाबाईंनी परसात, उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला एक आळे खणून जुनी चूल मांडली. तिच्यापुढे त्या स्वतः बसल्या. इंदू आखाजीला माहेरी गेली. सण झाल्यावर तिला आणायला गाडी गेली, आणि ती परत आली.

पावसाळ्यानंतर मी गेले, तेव्हा गंजीच्या तळाशी पऱ्हाट्या शिल्लक होत्या. धुराड्याच्या मुळाशी कुंकवाचे इतके थर चढले होते की पत्र्याचे टोक बोरासारखे लाल झाले होते. पत्रा सरकत होता.

मी कचेरीत सांगितले की यापुढे चूल बसवल्यावर घरच्या सासूच्या हातून पत्र्याला कुंकू लावून घ्यावे.

"हे खर्चाच्या कुठल्या हेडखाली दाखवायचे?" साहेबांनी विचारले.

"कशाखालीच नाही, साहेब. कुंकू त्यांच्या घरचे असते."

त्यांनी हरकत घेतली नाही. पुढे मी आणखी बऱ्याच गावांत चुली बसवल्या, आणि बसवली की पहिला मुक्काम त्या घरी करत असे. चूल कशी पेटते, ते मला प्रशिक्षणात शिकवले होते. ती सारवतात कशी, ते पाहायला पहाटे उठावे लागते.