सात नंबरचं झाड

विनोदिनीताई नव्या रायपूरच्या एका संशोधन केंद्रात झाडं सांभाळते. मी तिथेच अहवाल टाइप करते. साहित्यात एम.ए. झाले, दुसरं काम मिळालं नाही.

यंदा तिच्याकडे ऑलिव्हची बारा झाडं होती. मोठ्या ड्रममध्ये लावलेली. एकवीस दिवस पाणी द्यायचं नाही आणि कोणतं तग धरतं ते पाहायचं. ताईची नोकरी कंत्राटी. मुदत याच महिन्यात संपत होती.

दहाव्या दिवसापासून पानांच्या कडा आत वळू लागल्या. चंदेरी पाठ दिसू लागली. मला झाडं मेल्यासारखी वाटली.

"मेली नाहीत," ताई म्हणाली. "पानांची छिद्रं मिटून बसलीत. आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाहीत. फारच झालं तर जुनी पानं टाकतील, शेंडा वाचवतील."

सात नंबरचं झाड मात्र हिरवंगार होतं. पानं सपाट, उघडी. केंद्राचे प्रमुख, आमचे सर, खूश झाले. "यही है अपना पौधा. सोमवारी अकराला कलमं घेऊ. तुमच्या मुदतवाढीवरही तेव्हाच सही करतो."

सोमवार एकोणिसावा दिवस. सकाळी ताईने सातच्या मातीत बोट खोल घातलं. बोट ओलं निघालं.

शेडमध्ये तिचे वडील, बाबाराव, पितळी लोटा विसळत होते. आई गेल्यापासून ताई त्यांना ब्राह्मणपारा या जुन्या मोहल्ल्यातल्या घरी एकटं ठेवत नाही. रोज स्कूटरवर सोबत आणते.

"बाबा, सात नंबरले पाणी घालून राहिले का तुम्ही?"

"हव. वैशाख लागला ना. तुह्या आईच्या नावानं रोज एक लोटा. आपल्या पाऱ्यातल्या पिंपळाले घालत होतो, तो तर तोडला."

"मले काहून नाही सांगितलं?"

"लोटाभर पाण्याचं काय सांगू? अन् तुम्ही लोक झाडं उपाशी ठेवता, मले पाहवत नाही."

ताई खाली बसली. घड्याळात पावणेअकरा.

"वरची माती बदलू," मी म्हणाले. "कोणाला कळणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"कलमं शेतात जातील, स्नेहल. तिथं लोटा घेऊन कोण जाईल?"

गाडीचा आवाज आला. सर उतरले, सोबत कलमांची कात्री. ते सरळ सातकडे निघाले. ताई वाटेत उभी राहिली.

"सर, याला रोज पाणी मिळालंय. माझ्या बाबांनी घातलं. चूक माझी, लक्ष मी ठेवायला हवं होतं."

बाबारावांनी लोटा पाठीमागे धरला.

मग ताई चार नंबरकडे गेली. त्यावर जेमतेम तीस पानं उरली होती. तिने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं, जिवंत.

सरांनी बराच वेळ ते पाहिलं. कात्री खिशात घातली. "परसों पानी खोलिए. उसके बाद देखेंगे." सही न करता ते गेले.

परतताना बापलेक स्कूटरवर पुढे होते. मी मागून माझ्या गाडीवर होते. सरळ, रिकामा रस्ता. मी इतकं खरं बोलू शकले असते का, माहीत नाही.

बुधवारी ताईने लोटा भरून बाबारावांच्या हातात दिला. "घ्या. आधी चारले घाला."

"आता चालते?"

"आता चालते."

चारची पानं शनिवारी उलगडली. सरांची सही सोमवारी आली. मुदतवाढ वर्षाची नाही, तीन महिन्यांची.