वाळ्यांसाठी कापलेली वीट

नवरा गेल्यावर मी सासऱ्यांच्या सराफी दुकानात बसायला लागले. बारामतीच्या पेठेत ते दुकान होतं. नव्वदीची सुरुवात होती; सराफाच्या गादीवर बाईमाणूस बसलेलं लोकांना नवीन होतं. पण मामंजींना बिनपगारी माणूस हवा होता आणि मला छप्पर.

आमच्या जुन्या गिऱ्हाइकांत कोऱ्हाळे बुद्रुकचे एक आबा होते. त्यांना चांदीचा नाद. उसाचं बिल आलं की दरसाल एक वीट घेऊन जायचे. मोडायची नाही, गहाण टाकायची नाही. लक्ष्मीपूजनाला सगळ्या विटा पाटावर मांडायच्या आणि भावकीला बोलावून दाखवायच्या. मामंजी सोडून दुसऱ्या सराफाची पायरी ते चढले नाहीत.

एका उन्हाळ्यात त्यांनी त्यातली एक वीट आणली. सून पहिल्या बाळंतपणाला इंदापूरला माहेरी गेली होती, तिला मुलगी झाली होती. बारशासाठी वाळे आणि वाटी-चमचा करायचा होता, आणि तो घरच्याच चांदीचा. मामंजींनी कारागिराला वीट कापायला सांगितली. छिन्नी आत गेली आणि पांढऱ्या सालीखाली काळपट शिसं दिसलं. असली वीट कसोटीच्या दगडावर खरीच उतरते, कारण दगडावर वरचाच थर घासला जातो.

दुकानात गिऱ्हाइकं होती, सगळी बघत होती. मामंजींनी तुकडा उलटा करून आपला शिक्का पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "आबा, ही आमची वीट नाही. शिक्का बनावट मारलाय. घरातनं बदलली गेलीय." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तिजोरीच्या चाव्या कुणाकडं असतात?"

आबा उठले. चाव्या सुनेकडं असायच्या.

बारशाला कोऱ्हाळ्याहून कुणी गेलं नाही. निरोप तेवढा गेला, की चांदी घेऊन ये, नाहीतर तिकडंच राहा. तिचा नवरा बापापुढं तोंड उघडणाऱ्यातला नव्हता.

त्याच आठवड्यात मामंजींनी शटर ओढून आमच्या तिजोरीतल्या विटा कापायला लावल्या. एकामागून एक शिसंच निघत गेलं. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून मामंजी माल आणायचे, तो दुकानाला कुलूप लावून केव्हाच पसार झाला होता. मामंजीही फसले होते, हे खरंच होतं, आणि त्या घटकेला मला त्यांची कीव आली. मी विचारलं, आबांना कळवायचं ना? ते म्हणाले, "नाव गेलं की दुकान गेलं. दुसऱ्याची सून नांदली काय अन् न नांदली काय."

दुसऱ्या दिवशी देवाला जाते असं सांगून मी एसटीनं कोऱ्हाळ्याला गेले. पिशवीत आमच्या तिजोरीतला एक कापलेला तुकडा होता. आबांच्या ओसरीवर मी तो ठेवला आणि तो कुठून आणला ते सांगितलं. त्यांनी तो उचलून पाहिला.

"तुमच्या सासऱ्याला ह्ये ठावं हाय?"

मी हो म्हटलं. आबांनी टोपी घातली आणि मला घेऊन तसेच इंदापूरला निघाले.

सुनेच्या माहेरी तिच्या आईनं आम्हाला पाणी दिलं, चहा विचारला नाही. सून दारात येऊन उभी राहिली. आबांनी हात जोडले, चुकलं म्हणाले, घरी चल म्हणाले.

"मला एकदा इचारायचं तरी," एवढंच ती म्हणाली.

नातीला एकदा मांडीवर दे, असं आबांनी विनवलं. ती म्हणाली, "झोपलीय." आतून पोरीचं रडणं आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. आबा उठले. सून पुढं कधीच कोऱ्हाळ्याला गेली नाही. घरातल्या बाकीच्या विटा आबांनी कापून पाहिल्या नाहीत, कुणाला कापूही दिल्या नाहीत. त्या खऱ्या आहेत का, असं मुलानं एकदा विचारलं तर त्याला मारायला धावले म्हणे.

गावात बोभाटा झाला आणि लोक आपापली चांदी घेऊन आमच्या दारात आले. मामंजींनी सगळ्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की दुकानाच्या चाव्या विधवा सुनेकडं होत्या, आता काय बोलणार. मी तिथंच उभी होते. ज्या बायकांना मी पैंजण दाखवले होते, त्या माझ्याकडं बघून पदर सावरून बसल्या. संध्याकाळी माझी ट्रंक दुकानाच्या पायरीवर होती.

मी एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. दुकान बुडेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मामंजी तेव्हापासून प्रत्येक वीट गिऱ्हाइकासमोर कापून दाखवायला लागले. असा चोख सराफ पेठेत दुसरा नाही, असं माझ्या शेजारी पिशव्या भरणारी बाई मला सांगायची. लेकीच्या लग्नाची चांदी तिनं तिथूनच घेतली.