चादरीचं दुसरं टोक

चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. एकटीने घालायला गेलं की अर्धी चादर जमिनीवर लोळते आणि पुन्हा धुवायला टाकावी लागते. म्हणून दवाखान्याच्या धुलाईघरात बायका जोडीजोडीने उभ्या राहायच्या. चार हातांत चार कोपरे, एक झटका, लांबीत एक घडी. मग एकीने हात वर धरून चालत जायचं आणि आपले कोपरे समोरचीच्या हातात द्यायचे. शेंबडं पोरही शिकेल असं काम.

गोगलगाईचं घोडं नेमकं तिथंच पेंड खायचं. समोरची हात वर करून चालत आली की हिचे डोळे गच्च मिटायचे, बोटं सुटायची आणि चादर खाली.

"अगं, चादर आहे ती, साप नव्हे!" तोफ ओरडायची.

तोफ म्हणजे धुलाईघराची मुकादम. अंगाने आडवी, तोंडाने त्याहून आडवी. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून तिचा गळाच तसा झाला होता. कुणाचा हात लागला की ही नवी बाई अंग आखडून घेते, हे पहिल्याच दिवशी पाहून तिने हिची गोगलगाय करून टाकली.

गोगलगाय आली होती बायकांच्या आश्रयघरातून. नवऱ्याचा मार चुकवून, नेसत्या कपड्यांनिशी. आश्रयघराच्या बाईंनी शब्द टाकून तिला इथं चिकटवलं होतं, महिनाभर पारखायचं आणि मग कायम करायचं या बोलीवर. कायम झाली तर एक खोली भाड्याने मिळणार होती, आणि बहिणीकडे ठेवलेली लेक आणता येणार होती. मेहुण्याची कुरकुर कधीच सुरू झाली होती. कायम झाली नाही तर काय, हा विचार ती मनाच्या उंबऱ्यातही येऊ देत नव्हती.

तिला काम अवघड नव्हतं. अवघड होती तोफ. ही बाई सकाळपासून तोंडाचा पट्टा सोडायची, "तुझ्या हातांना काय कीड लागली का!" म्हणायची, आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्यातलं अर्धं हिच्या पुढ्यात सारायची. "गिळ. वाळून काटकी झालीस." आता याला काय म्हणायचं? मारायचं असेल तर खायला कशाला घालते? आणि मारायचं नसेल तर एवढी ओरडते कशाला?

कारण घरचं गणित उलटं होतं. नवरा कधी ओरडला नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, माणूस कसा, अगदी गरीब गाय! या गाईचा आवाज जसजसा खाली यायचा, तसतशी ही भिंतीकडे सरकत जायची. शेवटी तो अगदी हळू म्हणायचा, "बस." आणि दाराला कडी घालायचा.

गर्जेल तो पडेल काय, म्हणतात. तोफेच्या गर्जनेची तिला हळूहळू सवय झाली, यंत्रांची झाली तशीच. डोळे अजून मिटायचे, पण बोटं कमी वेळा सुटायची.

आणि महिना भरला त्याच दिवशी तोफ गप्प.

आली ती मान खाली घालून, डोक्यावरचा रुमाल गालापर्यंत ओढून. ओल्या कपड्यांची टोपली उलटली, गप्प. कुणी उशिरा आलं, गप्प. नुसतं बोटाने दाखवायची, हे इकडं, ते तिकडं. बायका एकमेकींना कोपराने ढोसत हसल्या, "आज तोफेची दारू भिजली वाटतं."

गोगलगाईला हसू आलं नाही. तिच्या हातून चादर पडली. तोफेने वाकून ती उचलली, बाकाकडे हात केला आणि हळू म्हणाली, "बस."

गोगलगाय बसली नाही. तिने पिशवी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

रस्त्यावर आली आणि तिथंच खिळली. जायचं कुठं? गेली तर नोकरी गेली, खोली गेली, लेक मेहुण्याच्या दारातच राहिली. परत गेली तर आत ते "बस" वाट बघत होतं. पण तोफ मारेल कशाला? आणि नवरा तरी कशाला मारायचा? त्यालाही कारण कुठं लागायचं? दोन पावलं पुढं, दोन मागं.

"बाई, एक कायतरी ठरवा!" मागून हातगाडीवाला खेकसला.

तेवढ्यात दार उघडलं. तोफ. रुमाल मानेवर घसरलेला, गाल पावासारखा टम्म फुगलेला, ओठ एका बाजूला लोंबलेला.

गोगलगाय पळायचं विसरली. असा गाल तिच्या ओळखीचा होता. ती जवळ गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "कुणी मारलं?"

"आँ?"

"घरचंच माणूस ना? सांगा मला. आश्रयघराच्या बाई चांगल्या आहेत. मी नेते तुम्हाला. आहात तशा चला."

तोफ बघतच राहिली. मग हसायला गेली आणि गाल धरून कळवळली. "मेले, दाढ! दाढ काढली सकाळी. मला मारणारा अजून जन्माला यायचाय."

मग तिचं हसू अर्ध्यातच थांबलं. ती हिच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिली. काय समजली, किती समजली, कोण जाणे.

"चल आत," ती म्हणाली. "चादरी तुंबल्यात."

आत दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. झटका दिला, लांबीत घडी पडली. तोफ जागची हलली नाही.

"तू ये."

गोगलगाय गोंधळली. आजवर दर वेळी समोरचीच यायची. ती हात वर धरून निघाली, आणि जवळ पोचते न पोचते तोच तोफेने डोळे गच्च मिटून तोंड फिरवलं.

"हळू गं बाई! गाल आहे माझा."

गोगलगाईने आपल्या हातांकडे पाहिलं. या हातांना कुणी भ्यावं? हसावं की रडावं, तिला कळेना. तिने कोपरे अलगद तोफेच्या बोटांत ठेवले.

सुट्टी झाली तरी नोकरीचं कुणी काही बोललं नाही. विचारायचा धीर होईना. पिशवीचा बंद चाळवत ती दारापाशी घुटमळत राहिली, तेव्हा मागून फुगल्या तोंडाने तोफ उडाली:

"कायमच्या बायकांना उशीर माफ नाही इथं! उद्या वेळेवर नाही आलीस तर तंगडं मोडून हातात देईन!"

गोगलगाय दचकली. तंगडं मोडीन म्हणते, म्हणजे मारणारच की. पण मग उद्या ये कशाला म्हणते? आणि कायमची म्हणाली ना? म्हणाली. तंगड्याचं काही केल्या उलगडेना. तेच मनात घोळवत घोळवत ती आश्रयघराचं वळण सोडून बहिणीच्या घराच्या वाटेला लागली होती.