पांढऱ्या कापडाचे दिवस

नवरा गेला तेव्हा शिलाईच्या दुकानाबरोबर त्याचं नावही तिच्याकडे आलं. गिऱ्हाइकं तिला मास्तर म्हणू लागली, आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. तिचा हात त्याच्यापेक्षा साफ होता हे सगळ्या गल्लीला त्याच्या हयातीतच कळून चुकलं होतं.

साठाव्या वर्षी तिच्या हृदयात धातूची झडप बसवली. दुकानात शांतता असली की छातीतली टिकटिक समोरच्यालाही ऐकू यायची. "मास्तर, अंगात घड्याळ का?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "कपडे द्यायची तारीख चुकू नये म्हणून बसवून घेतलंय."

झडपेपाठोपाठ गोळी आली, रक्त पातळ ठेवणारी, रोज संध्याकाळी सात वाजता, जन्मभर. रक्त दाट झालं तर झडपेवर गुठळी धरणार, फार पातळ झालं तर ते कुठूनही वाहणार. तपासणीतला आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. सून शाळेत गणित शिकवायची. तिनं ही गोळी एखाद्या वात्रट वर्गासारखी ताब्यात घेतली. फ्रिजवर तक्ता लागला. सात वाजले की एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन ती समोर उभी.

"आई, गोळी."

"घेते गं. पळून जातेय का मी?"

"तुमचा काय नेम."

गोळीनं त्रास दिला तो मास्तरनं सोसला. धुणं पिळलं तरी मनगटावर जांभळे डाग उठायचे, दात घासले की चूळ गुलाबी पडायची. पण बोटाला सुई टोचली की रक्त थांबेना, हे मात्र तिला सोसवेना. सुई टोचणं शिवणाऱ्याला नवीन नाही. कापडावर थेंब पडलाच तर आपलीच थुंकी लावून तो उतरवायचा, हेही तिला नवऱ्यानंच शिकवलं होतं. आता बोट दाबून धरलं, चिंधी बांधली, अंगुस्तानाची धातूची टोपी बोटावर चढवली, तरी घटकाभरानं कापडावर आणखी एक टिपका दिसायचा.

अशात एका हॉटेलच्या आचाऱ्यांचे चाळीस कोट आले, पांढरेशुभ्र, कॉलरी हातानं तुरपायच्या. पहिल्याच दिवशी दोन कोट वाया गेले. संध्याकाळी सुनेनं ते बादलीत भिजत घातलेले पाहिले.

"आई, झेपत नाही तर दुकान बंद करूया ना. पुढच्या खेपेला डॉक्टरांनाच विचारते."

"कोण म्हणालं झेपत नाही?"

"बादली म्हणतेय."

त्या दिवशी सात वाजता मास्तरनं गोळी गालात धरली, वरून पाणी प्यायली आणि न्हाणीघरात जाऊन थुंकून टाकली. सुनेनं तक्त्यावर खूण केली. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सुई टोचली आणि थेंब पूर्वीसारखा जिथल्या तिथे थांबला. मास्तरला बरं वाटलं. मग तिनं आपल्यापुरता नियमच करून टाकला. दुसऱ्या दिवशी पांढरं काम असेल तर गोळी नाही, रंगीत असेल तर गोळी. गडद कापडावर थेंब पडला तरी कुणाला दिसणार?

महिन्याच्या तपासणीत आकडा दीड आला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकली का?"

"एकही नाही," सून म्हणाली. "मी स्वतः समोर उभी राहून देते."

तरीही डॉक्टरांनी मास्तरकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

"ही सांगतेय तेच."

त्यांनी गोळीचं प्रमाण दीडपट केलं आणि आठ दिवसांनी बोलावलं. पण सुनेच्या शाळेत परीक्षा आल्या आणि आठाचे पंधरा दिवस झाले. कोट दुसऱ्याच दिवशी पोचते झाले होते. मग मन खाऊ लागलं म्हणून मास्तरनं एकही गोळी चुकवली नाही, वाढवून दिलेली पुरीच्या पुरी घेतली. दहाव्या दिवशी मशीनच्या टेबलाचा कोपरा मांडीला लागला आणि ताटाएवढं काळंनिळं उठलं. तेराव्या दिवशी सकाळी उठली तर उशीवर हिरड्यांचं रक्त. चौदाव्या दिवशी लघवीला लाल झालं, तेव्हा मात्र तिनं सुनेला हाक मारली.

इस्पितळात आकडा आला सात. डॉक्टरांनी आधीचा कागद आणि आताचा कागद शेजारी ठेवून ताडून पाहिले.

"दोन आठवड्यांत दीडावरून सात? एवढ्या वाढीव गोळीनं इतकी उडी मला पटत नाही. यकृताचं काही असेल, नाहीतर आणखी काही. उतारा द्यावा लागेल. पण तो जास्त झाला तर रक्त एकदम दाट होईल आणि झडप अडेल. किती द्यायचा ते कशावर ठरवू?"

सून पर्समधून तक्त्याचा कागद काढत होती. "हे बघा ना, रोजची खूण आहे."

मास्तरनं त्या खुणांकडे पाहिलं. बोललं तर दुकानाचं शटर आजच खाली येणार. तिला तो खडखडाट आत्तापासूनच ऐकू येत होता. न बोललं तर हा भला माणूस सुनेच्या खुणांवर विसंबून औषध ठरवणार.

"तो कागद खोटा आहे," ती म्हणाली. "हिचा नाही, माझा खोटेपणा. गेल्या महिन्यात मी मधून मधून गोळ्या थुंकून टाकत होते. कोट पोचवले त्या दिवसापासून घेतेय, सगळ्या."

"किती नाही घेतल्या?"

"बटणं मशीनवर लावली ते दोन दिवस घेतल्या. कॉलरी आणि काजं होती तेव्हा नाही. मध्ये निळे परकर आले तेव्हा घेतल्या. अकरा दिवस नसतील घेतल्या."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "म्हणजे आधीचं प्रमाण बरोबरच होतं. मी उगाच वाढवलं." त्यांनी यकृताच्या तपासण्या खोडल्या, आजची गोळी बंद केली, थोडासा उतारा लिहिला आणि दोन दिवस दाखल व्हायला सांगितलं. जाताना म्हणाले, "शिवू नका असं मी कधी म्हटलं होतं? बोटातून रक्त येतंय एवढं सांगितलं असतं तर काही तरी वाट काढली असती."

 खाटेशेजारी बसून सून तक्त्याची घडी घालत होती, उलगडत होती.

"माझ्यासमोर," ती म्हणाली. "मी समोर उभी असताना."

"गालात धरायचे."

"अकरा वेळा."

"दुकान जाईल म्हणून गं."

सुनेनं डोळे पुसले नाहीत, नाकच जोरात शिंकरलं. "दुकान राहू दे. पांढरं काम मात्र घ्यायचं नाही. आणि घरी आल्यावर गोळी घेतली की पाच मिनिटं माझ्याशी बोलायचं. तोंड उघडून."

"रोज रोज काय बोलू मी तुझ्याशी?"

"भांडा," सून म्हणाली. "ते तुम्हाला जमतं."