ते घामोळं नव्हतं

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवासमोर हात जोडले तरी तिथेही मी दुसरंच काहीतरी बोलून उठते. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा जमेल तसं लिहिते.

आमच्या वाडीत मला सुईवाली आजी म्हणतात. कोणी बाळंतीण घरी आली की आशाताई आधी माझ्याकडे येते. मी त्या पोरीला अंगणवाडीत घेऊन जाते, बाळाला मांडीवर धरते, लस देऊन आणते. ग्रामसभेत माझा सत्कार केला. मी नारळ घेतला, शालही घेतली. नको म्हटलं असतं तर — का नको, असं कोणी विचारलं असतं ना?

सात वर्षं झाली. मुलगा बोटीवर, सून जयगडला बंदरात नोकरीला, दहा महिन्यांचा नातू माझ्याजवळ. गोवराच्या लशीचा दिवस आला तेव्हा आंब्याचा हंगाम होता. मी बागेत पेट्या भरायला जायची, त्याला कलमाखाली गोधडीवर ठेवायची. आधीच्या सुईला तो दोन दिवस तापला होता, माझे दोन खाडे झाले होते. म्हणून नेला नाही. म्हातारी अडाणी, घाबरली असेल, असं तुम्हाला वाटेल. घाबरले नव्हते. सगळं कळत होतं. कंटाळा केला, एवढंच.

संध्याकाळी नर्सबाई दारात आल्या. नातू आत झोपला होता. आईबरोबर मुंबईला गेलाय, म्हटलं. आमच्याकडे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मुंबईला गेलेलंच असतं. त्यांना खरं वाटलं. सुनेला सांगितलं, दिली सुई. या वेळी ताप नाही आला म्हणून ती खूश. कार्ड मी ट्रंकेत तळाला टाकलं.

तीन आठवड्यांनी त्याला ताप भरला, मग अंगभर पुरळ. मी म्हटलं, घामोळं. उकाडा होता, आणि लस तर दिलेली — सुनेने मानलं. मी नाही मानलं. माझ्या धाकट्या भावाचा गोवर मी पाहिला होता.

शेजारची सायली तिच्या सात महिन्यांच्या आर्याला माझ्या ओटीवर ठेवून पाण्याला जायची. त्या दिवशीही आली. आज नको ठेवूस — एवढं बोलायला काय लागतं? पण मग का, ते सांगावं लागलं असतं. मी आर्याला घेतलं. त्याच गोधडीवर, त्याच्या शेजारी ठेवलं.

नातू आठवड्यात बरा झाला. मग आर्या पडली. ती लशीच्या वयाचीच नव्हती, गोवराला तिच्यात आडकाठी कसली? गोवर डोक्यात गेला. पंधरा दिवस रत्नागिरीला दवाखान्यात होती. वाचली. कान गेले.

नर्सबाई घरोघर विचारत फिरल्या, कोणा मुलाला ताप, पुरळ आलं होतं का? मी नाही म्हटलं. मग गोवर आला कुठून? सायली त्याच महिन्यात भावाच्या लग्नाला बुरोंडीला जाऊन आली होती. तिची सासू चारचौघींत म्हणाली, "मिरवायला नेली होतीस ना पोरीला?" सायलीने माझ्याकडे पाहिलं. काकू तरी आपल्या बाजूने बोलतील, असं वाटलं असेल तिला.

मी म्हटलं, "लग्नात शंभर माणसं गो. कुणाचं काय अंगावर येतं, कळतं का?"

त्यानंतर ती माहेरी एकदाच गेली, वडील वारले तेव्हा. आर्याला नेलं नाही.

सुईवाली आजी मी त्यानंतर झाले. वाडीतलं एक मूल लशीवाचून राहू दिलं नाही. पण त्याने आर्याचे कान परत येत नाहीत.

मागच्या वर्षी सायलीला मुलगा झाला. त्याच्या गोवराच्या लशीला ती म्हणाली, "काकू, तुम्ही बरोबर या, मला धीर येतो." गेले. मांडीवर घट्ट धरला त्याला. परत येताना सांगायचं ठरवलं होतं — कितव्यांदा, कोण जाणे. घर आलं.

सायली बारावी शिकलेली आहे, हाती पडेल ते वाचते. हेही पडलं तर पडू दे. आमच्या दोन घरांमध्ये नुसता एक दगडांचा बुटका गडगा आहे. मी घरीच असते.