एक मोजणारा ठोकळा हवा

माझी मोठी नणंद, म्हणजे आमच्या ताई, ठोकळ्यांचा खेळ खेळतात हे कळलं तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलं, "चला, तुमच्या घरात एका तरी माणसाने मनासारखं घर बांधलं." ते हसले नाहीत. बहिणीबद्दल कोणी विनोद केला की त्यांना लगेच बहिणीची माया येते. एरवी आठवडा आठवडा फोन करायचं सुचत नाही.

तो खेळ तुम्ही पाहिला असेल. कॉम्प्युटरवर मातीचे, दगडाचे, लाकडाचे चौकोनी ठोकळे असतात. खणायचे आणि रचायचे, एवढंच. जिंकणं नाही, हरणं नाही. ताई पूर्वी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायच्या. सासूबाईंचा विसराळूपणा हा आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ताईंनी नोकरी सोडली. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा नोकरी कोणी सोडायची यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. मीही केली नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मला दोन मुलं आहेत आणि त्यांच्याहून हट्टी नवरा आहे.

ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत, इतकी जवळ की तिच्यावरचे पोपडे मोजता यावेत. दाराला आतून कुलूप आणि किल्ली ताईंच्या गळ्यात, कारण दुपार झाली की सासूबाई उठून दाराकडे निघायच्या. "पाळीला उशीर होतोय," म्हणायच्या. त्यांनी सगळं आयुष्य साबणाच्या कारखान्यात दुपारची पाळी केलेली. पट्ट्यावरून पेट्या यायच्या आणि पट्ट्याच्या शेवटी बसून सासूबाई त्या मोजायच्या. फुटकी पेटी असेल तर ती बाजूला काढायची, ती मोजणीत धरायची नाही. भिंतीवर एक यंत्रही मोजत असायचं. पाळीच्या शेवटी माणसाचा आकडा आणि यंत्राचा आकडा जुळला की भोंगा, आणि भोंगा झाला की घर. नाही जुळला तर कोणी जागचं हलायचं नाही. हे सगळं त्या लग्न झाल्यापासून मला सांगत आल्या आहेत. पुढे त्या माझं नाव विसरल्या, पण ही गोष्ट विसरल्या नाहीत.

तर एके दुपारी ताईंनी खेळात एक आगगाडी बांधली. खाणीतून दगड भरलेले डबे एकामागून एक यायचे आणि पडद्याच्या एका कडेने निघून जायचे. सासूबाई दाराकडे निघाल्या होत्या, त्या मध्येच थांबल्या. खुर्ची ओढली, बसल्या, पदर खोचला, हात मांडीवर घेतले आणि मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. ताईंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येईना. "अगं, आई बसलीय. तास झाला, नुसती बसलीय." मग ताईंनी त्यांना कळफलकावरचं एक बटण दिलं. रिकामा डबा आला की ते दाबायचं, डबा बाजूच्या रुळावर जायचा. फुटकी पेटी बाजूला. सासूबाई खूष.

हे सुख आठवडाभरच टिकलं. कारण मोजणी चालू झाली, पण ती संपवणार कोण? भिंतीवरचं यंत्र कुठे आहे? सासूबाई शंभराच्या पुढे गेल्या की वर बघायच्या, आकडा शोधायच्या, सापडला नाही की घाबरायच्या. "जुळवायचं कशाशी?" असं विचारून रडायच्या. जेवण नाही, पाणी नाही, संडासलासुद्धा उठायच्या नाहीत. शेवटी ताई शेजारी बसून आकडे बोलायला लागल्या. म्हणजे आता ताई भिंतीवरचं यंत्र झाल्या. आधी निदान स्वयंपाकघरापर्यंत जाता यायचं, आता तेही गेलं.

मी आपलं सुचवलं, "ताई, हातात धरायचं मोजायचं यंत्र मिळतं बाजारात, ते द्या ना त्यांना." त्या म्हणाल्या, "दिलं. म्हणाली, माझ्याच हातातल्या आकड्याशी माझाच आकडा काय जुळवू? मला चोर समजतेस का?" एवढं डोकं शाबूत, आणि मी कोण ते आठवत नाही. अशा वेळी हसावं की रडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच सुमारास ऑफिसच्या साहेबांचा फोन आला. नकाशांचं काम वाढलंय, दुपारपुरतं या, महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो. ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवत होत्या, आणि ते झाकण त्यांनी तीनदा ठेवलं आणि काढलं. सांभाळायला एक मावशी मिळाल्या होत्या, भल्या बाई. पण त्यांनी आकडे बोलायचा प्रयत्न केला तेव्हा मधला एक डबा सुटला आणि सासूबाईंनी त्यांच्या अंगावर पाण्याचा पेला फेकला.

तेव्हा सगळं येऊन ठेपलं त्या आकड्यावर. खेळातच तो दिसला, आपोआप वाढला आणि शेवटी भोंगा वाजला, तर शेजारी मावशी बसल्या काय नि कोणी बसलं काय, सासूबाईंची दुपार निघाली असती आणि ताई कामावर गेल्या असत्या.

खेळात मोजणारा ठोकळा नाही. दिवे आहेत, कळा आहेत, तारा आहेत. त्यातून जोडजोड करून मोजायचं यंत्र बांधता येतं, आणि ताईंनी ते बांधलं. ते एखाद्या धरणाएवढं झालं. जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, मध्येच मोजणीतून डबा निसटायचा, आणि सासूबाई लगेच म्हणायच्या, "एक खाल्ला." मग परत पहिल्यापासून.

त्या खेळाच्या कंपनीचं सूचनांचं एक पान आहे. तिथे कोणीही लिहावं. ताईंनी लिहिलं: 'एक साधा मोजणारा ठोकळा हवा. एका बाजूने खूण आली की आकडा एकाने वाढावा. आकडा वर दिसावा. ठरवलेला आकडा आला की दुसऱ्या बाजूने खूण बाहेर जावी. बाकी काही नको.' आईचा, नोकरीचा, कुलपाचा एक शब्द नाही. मी म्हटलं, "कारण लिहा की." त्या म्हणाल्या, "नकाशात कोणी कारण लिहितं का? दार हवं तिथे दार दाखवायचं."

उत्तरं वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक म्हणाला, तारा जोडायला शिका, आयतं कशाला हवं? दुसऱ्याने विचारलं, याचा उपयोग काय? तिसऱ्याचं म्हणणं, अशाने खेळ फार सोपा होईल. होऊ दे ना मेल्या! तुझ्या बापाचं काय जातंय? चार दिवसांनी पान सांभाळणाऱ्याने शेरा मारला: अशी सूचना आधीच आलेली आहे, ही बंद करत आहोत, जुनी इथे पाहा. ताईंनी जुनी उघडली. तिच्यावर शेरा होता: याच विषयाची नवी सूचना आली आहे, ही बंद करत आहोत, नवी इथे पाहा. आणि ती नवी म्हणजे ताईंचीच! त्याने एकीवरून दुसरीकडे बोट दाखवलं होतं आणि दुसरीवरून पहिलीकडे, आणि दोन्ही दारं लावून घेतली होती.

ताईंनी ही चूक नम्रपणे लिहून कळवली. ती नोंदही बंद झाली, कारण विषय तोच. पुन्हा लिहिलं, तर एकच गोष्ट वारंवार लिहिता म्हणून ताईंनाच त्या पानावर लिहायला बंदी घातली. त्या दिवशी मी त्यांच्याकडे होते. पडद्याकडे बघत, आईला ऐकू जाईल अशा आवाजात त्या फक्त म्हणत राहिल्या, "दोनशे अकरा. दोनशे बारा. दोनशे तेरा."

महिना संपत आला आणि एक निरोप आला. पानावर नाही, ताईंच्या नावाने आलेला खाजगी. 'कासव' असं टोपणनाव घेतलेलं कोणी होतं, बाई की बाप्या देव जाणे. लिहिलं होतं, 'तुमची सूचना वाचली. मला आवडली. कंपनी करणार नाही, म्हणून मी करून पाहिला. सोबत फाईल आहे, खेळात जोडून घ्या. आकडा लांबूनही दिसेल असा जरा मोठाच ठेवलाय.' का हवा, कशाला हवा, एका अक्षराने विचारलं नाही. ताई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. जगात इतकी उलटतपासणी करणारी माणसं भेटल्यावर एखादा न विचारता देतो, तेव्हा रडूच येतं.

ठोकळा राखाडी रंगाचा, वर पांढरा आकडा. ताईंनी तो खेळात रुळाच्या वरच्या भिंतीत बसवला आणि पाचशेला, म्हणजे कारखान्यातल्या पाळीच्या आकड्याला, भोंगा लावला. साहेबांना कळवलं, सोमवारपासून येते. शुक्रवारी मावशींना बसवून पाहायचं ठरलं. मी मुद्दाम गेले होते. ताई आणि मी स्वयंपाकघरात बसलो. ताईंनी चहा केला आणि बसून प्यायला. किती दिवसांनी, ते मी विचारलं नाही.

बाहेरून सासूबाईंचा आवाज येत होता. मध्येच त्या थांबायच्या, वर बघत असणार, आणि "बरोबर," म्हणून पुढे जायच्या. मावशी विणकाम करत होत्या. एकही डबा सुटला नाही. चारशे नव्याण्णव. पाचशे. भोंगा वाजला.

"जुळली!" सासूबाई म्हणाल्या. इतका आनंदाचा आवाज मी त्यांच्या तोंडून माझ्या लग्नातही ऐकला नव्हता. ताईंनी माझा हात दाबला. मग बाहेर खुर्ची सरकली, आणि दार हलवल्याचा आवाज आला.

आम्हा दोघींच्या, खरं तर कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. भोंगा झाला की घरी जायचं असतं.

"दार उघडा," सासूबाई म्हणत होत्या. "मोजणी जुळलीय. आता का कोंडून ठेवता?" मावशींनी खांद्याला धरून बसवायला पाहिलं, तर त्या किंचाळल्या. दोन्ही मुठींनी दार बडवायला लागल्या. "माझी मुलगी घरी एकटी आहे हो," म्हणत होत्या. ताईंनी गळ्यातली किल्ली काढून दार उघडलं. मावशी पुढे झाल्या, पण सासूबाईंनी त्यांचा हात झिडकारला आणि ताईंचा धरला. जिना उतरायला त्यांना तोच हात लागतो. मावशी दोन-तीनदा आडव्या येऊन पाहून शेवटी बाजूला झाल्या.

तिसऱ्या मजल्यावरून खाली, इमारतीला एक वळसा, आणि परत वर. दुखऱ्या गुडघ्यांनी पायरी पायरी चढत. आत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आलं बाई घर एकदाचं," आणि पलंगावर बसल्या. ताई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. सोमवारी जमणार नाही, म्हणाल्या. नाही, पुढच्या महिन्यातही नाही. दुसरं कोणी बघा. मावशींनी आपली विणकामाची पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मला भयंकर राग आला होता, आणि राग करायला समोर कोणी नव्हतं. कासव तर नव्हतंच.

सासूबाईंनी ताईंकडे पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नाही, पण माया होती. "पोरी, तू का उभी?" त्या म्हणाल्या. "मला पोचवलंस, बरं केलंस. आता तूही जा. तुझी आई वाट बघत असेल."

"हो, निघते," ताई म्हणाल्या. दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि स्वयंपाकघरात गेल्या.

सासूबाईंनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. "चांगली मुलगी आहे गं. रोज माझ्यासाठी थांबते. तिला कोणी घरी का सोडत नाही?"

आत नळ चालू होता. तो बंद झाला, आणि पातेल्यावर झाकण ठेवल्याचा, काढल्याचा आणि परत ठेवल्याचा आवाज आला.