पिंपाचा तळ

घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या चाळीत पाणी सकाळी तासभरच येतं, म्हणून माझं निळं पिंप कायम काठोकाठ. सासूबाईंनी मालवणीत दम भरून ठेवला होता, "रितां भांडां घरात ठेवूचा नाय." मी कसली आज्ञाधारक सून! रोज वरून भर घालायची. पिंपाचा तळ कित्येक महिने पाहिला नव्हता, आणि त्याचाच तोरा मिरवायची.

पुढे माझी सून सातव्या महिन्यात असताना चाळीत डेंग्यू शिरला. मी काय केलं? संध्याकाळी कडुनिंबाचा धूर केला आणि शेजारणीच्या दारातल्या गटाराचा उद्धार केला. आवाज खणखणीत होता तेव्हा. अक्कल यायची होती.

पालिकेची आरोग्यसेविका दर आठवड्याला डोंगर चढून यायची.

"काकू, पिंप बघू दे ना."

"आधी ते गटार बघ गं! हे प्यायचं पाणी आहे."

दोनदा तिला उंबऱ्यावरूनच परतवली. तिसऱ्या खेपेला सून तापाने फणफणत होती. पालिकेची बाई न विचारता आत शिरली, पिंपात टॉर्च मारला आणि पांढऱ्या वाडग्यात पाणी काढून माझ्यापुढे धरलं. अळ्या वळवळत होत्या.

"हा डास गटारातला नाही, काकू. त्याला तुमच्यासारखंच स्वच्छ पाणी लागतं. आणि चावतो दिवसा."

सून दुपारी त्या पिंपाशेजारीच आडवी व्हायची.

रक्तात डेंग्यूच निघाला. तिला अ‍ॅडमिट केलं, आणि मला जेवण जाईना. त्या बाईने मात्र पदर खोचून माझ्याबरोबर पिंप आडवं केलं.

"नुसतं ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात, सुकली तरी जगतात. घासा!"

शेजारणी डोकावल्या, "काय गं, हिच्याकडे सापडलं काय?"

"सगळ्यांचीच पिंपं घासायचीत. तुमच्याकडेच येतेय आता," ती म्हणाली. माझी अब्रू तिने अशी झाकली.

सून सुखरूप घरी आली. पुढे नात झाली. आता दर शनिवारी पिंप घासून उपडं पडतं आणि नात त्यावर ढोल बडवते. ती बाई अजून येते. केस पिकू लागलेत, चढताना दम लागतो.

"ये गं, घासलंय पिंप!" मी आधीच ओरडते.

तरी ती ते उचलून आत टॉर्च मारतेच. माझ्यावर तिचा काडीचा विश्वास नाही. शहाणी आहे.